टाकीच्या पाण्याचा साका

माझं नाक अजून शाबूत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गुडघे गेले, पण नाकाने दगा दिलेला नाही. शेजारच्या खोलीत कोणी उदबत्तीसाठी काडी ओढली तरी मला इथे पलंगावर कळतं. एकोणतीस वर्षं परळच्या बाजूच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काढली, त्याची ही कमाई. पेन्शन वेगळी, ती सगळ्यांनाच मिळते.

मी सातवी पास. मिल गेल्यावर ओळखीने शिपाई म्हणून चिकटलो आणि रिकामी जागा म्हणून मला प्रयोगशाळेत टाकलं. कागदावर माझं पद 'प्रयोगशाळा परिचर'. मुलं 'मामा' म्हणायची, सर लोक 'परब' म्हणायचे. आमच्या भागातल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, मामा, प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा, लोकांना हसायला आवडतं. म्हटलं, लिहितो. गमती आहेत, पण लिहायचं आहे ते दुसरंच आहे. ते कापायचं नाही या बोलीवर लिहायला बसलो.

आधी काम काय ते सांगतो. बारावीच्या मुलांना परीक्षेत एक पूड देतात. तिला सॉल्ट म्हणायचं. म्हणजे मीठच, पण खाण्याचं एक, बाकीची शंभर न खाण्याची. प्रत्येक सॉल्टला माणसासारखं नाव आणि आडनाव असतं. कॉपर सल्फेट म्हणजे कॉपर नाव, सल्फेट आडनाव. बहुतेक पूड पांढरीच दिसते, पुडीवर नुसता नंबर असतो. पोराने तिच्यावर आम्ल टाकायचं, तापवायची, पाण्यात विरघळवून थेंब थेंब औषधं घालायची आणि नाव-आडनाव शोधून काढायचं.

यातलं निम्मं काम वायूंवर चालतं. आम्ल टाकल्यावर बुडबुडे आले आणि त्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बोनेट. निवळी संपली की मी खाली पानवाल्याकडून चुना आणायचो, रात्रभर पाण्यात ठेवून वरचं पाणी काढायचो. कंपनीच्या चुन्यापेक्षा तो चांगला चालायचा. जळक्या काडीसारखा वास येऊन नारिंगी कागद हिरवा झाला तर सल्फाईट. हळदीचा कागद ओला करून धरल्यावर लाल झाला तर अमोनिया. तोही कागद मीच घरच्या हळदीत बुडवून वाळवायचो. आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर सल्फाईड, त्याला कुठला कागद लागत नाही, खालच्या मजल्यावरच्या मराठीच्या बाईंनाही कळायचं.

हा अंड्याचा वायू आम्ही स्वतः तयार करायचो, तीन मजली काचेच्या भांड्यात. ते भांडं धुणं माझ्याकडे. पहिल्याच वर्षी माझी लग्नातली चांदीची अंगठी त्या वायूने काळी ठिक्कर पडली. घरी गेलो तर आमची ही दारातच म्हणाली, "आज काय कुजकी अंडी खावन इलात?" मग तिची नजर अंगठीवर गेली. चिंच लावून घासली तेव्हा उजळली, पण पुढली सगळी वर्षं अंगठी कामावर जाताना देव्हाऱ्यात ठेवून जायचो.

शिकवलं मला कोणी नाही. मुलं करायची ते बघत गेलो. दहा वर्षांत माझी अशी तयारी झाली की पोराच्या हातातली नळी लांबून बघून त्याचं सॉल्ट मला कळायचं. एकदा कपाटात दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या ओल येऊन गळून पडल्या. दोन्हींतली पूड पांढरी. विभागाचे मोठे सर, त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनी एक हातात घेऊन सांगितलं की हे बेरियम, चिठ्ठी लाव. मी म्हटलं, सर, बेरियम नसावं. वर्ग भरलेला होता. मी बर्नर पेटवला, पेन्सिलीचं शिसं आम्लात बुडवून पुडीला लावलं आणि ज्योतीत धरलं. ज्योत कुंकवासारखी लाल झाली. बेरियमची ज्योत पोपटी होते, लाल स्ट्रॉन्शियमची. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सरांनी पण हसून दाखवलं. पण त्या दिवसापासून ते मला 'परब' म्हणताना थोडं थांबून म्हणायला लागले.

आता परीक्षेच्या भानगडीकडे येतो. कुठल्या नंबरच्या पुडीत काय आहे ते फक्त सरांना आणि पुड्या बांधणाऱ्याला माहीत. पुड्या मी बांधायचो. त्यामुळे फेब्रुवारी आला की माझी किंमत वाढायची. एरवी जिन्यात ओळख न देणारे पालक चाळीत घर शोधत यायचे. दादरचे एक कापडवाले हापूसची पेटी घेऊन आले. म्हणाले, "मामा, मुलीला नंबर कुठला येतो ते तुम्ही बघा. नाव ती शोधेल, तुम्ही फक्त आडनाव सांगा." पेटी तशीच त्यांच्याबरोबर खाली पाठवली. माझी बायको दोन दिवस बोलली नाही, सीझनची पहिली पेटी होती.

मी एकोणतीस वर्षांत एकाही पोराला सॉल्ट सांगितलं नाही. इतर ठिकाणी काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडेही चालायचं, माझ्या मार्फत नाही एवढंच. माझ्या जोडीला सावंत म्हणून एक परिचर होता. मोठ्या सरांची बाहेर ट्यूशन होती आणि पुड्यांची यादी ते सावंतला द्यायचे. त्या ट्यूशनच्या मुलांना परीक्षेच्या आधी सावंतच्या खुणा शिकवलेल्या असायच्या. सावंतने कानाला हात लावला की क्लोराईड. डोकं खाजवलं की नायट्रेट. कॉलर सारखी केली की सल्फेट. टेबलाजवळून जाताना एक हात कुठे तरी लावायचा, झालं. बघणाऱ्याला वाटावं या माणसाला खरूज झाली आहे. मुलं खोटी खोटी नळी हलवायची, हवं ते उत्तर लिहायची. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचं बरोबर यायचं आणि बाहेरून येणारे परीक्षक सरांचं कौतुक करून, वडा-चहा घेऊन जायचे. मी हे बघत होतो. मी सांगत नाही ना, मग झालं, असं मला वाटायचं. स्वतःचे हात स्वच्छ ठेवायची मला फार हौस.

मी रिटायर होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आहे. या परीक्षेला नळाचं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड वॉटर लागतं. पाण्याची वाफ करून परत पाणी केलेलं. कारण नळाच्या पाण्यात स्वतःचा थोडा क्लोराईड असतोच. क्लोराईड ओळखायला सिल्व्हर नायट्रेट घालतात, क्लोराईड असला की दह्यासारखा पांढरा साका बसतो. पाण्यातच क्लोराईड असला तर कुठलंही सॉल्ट घ्या, साका येणारच. आमच्या इमारतीला तर एक जुनी विहीर आहे, पाणी मचूळ. उन्हाळा जवळ आला, पालिकेचं पाणी कमी पडलं, की वॉचमन ते पाणी गच्चीच्या टाकीत चढवायचा. त्या पाण्याचा चहा पण धड होत नाही.

परीक्षेला चार दिवस राहिले आणि डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉईल जळली. ऑफिसात अर्ज दिला. अर्जावर कोणी सही केली नाही. आदल्या दिवशी मी सरांकडे गेलो, म्हटलं, लालबागला गॅरेजवाल्याकडे बॅटरीचं पाणी मिळतं, तेही डिस्टिल्डच असतं, कॅन घेऊन येतो. सरांच्या केबिनमध्ये दोन मॅडम बसलेल्या होत्या, सावंत उभा होता. सर म्हणाले नको, टाकीचंच भर. मी म्हटलं, सर, सगळ्यांना क्लोराईड दिसेल.

सर चष्मा काढून म्हणाले, "परब, सातवी पास माणसाने मला केमिस्ट्री शिकवू नये. बाटल्या भरायचं काम आहे तुमचं. भरा."

मॅडम लोकांनी माना खाली घातल्या. सावंत हसला. मी म्हटलं, "बरं सर."

हे 'बरं सर' मी कसं म्हटलं ते मला आठवतं. रागाने नाही. आतून गार पडून म्हटलं. गॅरेज दहा मिनिटांवर होतं. कॅन आणून गुपचूप भरले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. असे कितीतरी वेळा मी पदरचं घालून काम निभावलं होतं, चुना काय, हळद काय. पण त्या दिवशी ठरवलं, नाही. सांगितलंय ना, तेच भरायचं. उद्या बाहेरचा परीक्षक येईल, चाळीस मुलांच्या नळ्या पांढऱ्या होतील, तेव्हा बघू कोण कोणाला केमिस्ट्री शिकवतं. गच्चीच्या टाकीच्या नळाखाली चाळीस पिचकारीच्या बाटल्या मी स्वतःच्या हाताने भरल्या. एक एक पुसून टेबलावर ठेवली. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी परीक्षा सुरू झाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. वाट बघत होतो. आणि काहीच होईना. मुलं खाली माना घालून लिहीत होती. मला हे सुचलंच नव्हतं की ज्यांना उत्तर आधीच मिळतं ती नळीत काय दिसतं त्याकडे बघत नाहीत. सावंत कॉलर सारखी करत, डोकं खाजवत फिरत होता आणि चाळीसातली एकोणचाळीस पोरं बरोबर उत्तरं लिहीत होती.

एकच मुलगी ट्यूशनची नव्हती. दीपाली. तिचं नाव लिहितोय ते तिला विचारून, आडनाव नको म्हणाली. काळाचौकीची, वडील माझगावला गोदीत फिटर. वर्षभर मी तिला बघितलं होतं. नळी तिरकी धरायची, थेंब मोजून घालायची, बर्नर वापरून झाला की बंद करायची. बर्नर बंद करणारी पोरं एकोणतीस वर्षांत फार भेटली नाहीत मला.

तिचं सॉल्ट सल्फेट होतं. तिच्या नळीत आधी सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका आला, मग सल्फेटच्या औषधानेही पांढरा आला. एका पुडीला दोन आडनावं नसतात. ती थांबली. नळी धुतली, परत केलं. परत तेच. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा धुतली. आणि मग तिने जे केलं ते बघून मी भिंतीपासून सरळ झालो. तिने सॉल्ट घातलंच नाही. नुसतं बाटलीतलं पाणी नळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी पांढरं झालं.

असं करून बघायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. सर शिकवत नसत.

तिने हात वर केला. बाहेरचे परीक्षक आले, मागून मोठे सर. ती नळी पुढे करून म्हणाली, "सर, पाण्यातच क्लोराईड आहे."

परीक्षकांनी इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला सगळ्यांचं बरोबर आलेलं. त्याच पाण्याने. मोठे सर मऊ आवाजात म्हणाले, घाबरली आहे, नळी धुतली नसेल नीट. परीक्षक माणूस वाईट नव्हता. तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "मामा, पाणी डिस्टिल्ड आहे ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. सर बघत होते. दीपाली बघत होती. याच घडीची तर मी वाट बघितली होती. एक शब्द बोललो असतो तर सरांची अब्रू गेली असती. पण पुढचा प्रश्न मला दिसला. तुम्हाला माहीत होतं तर भरलंत का? नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, भर वर्गात मला कबूल करावं लागलं असतं की हे मी मुद्दाम होऊ दिलं.

मी म्हटलं, "सरांनी सांगितलंय तेच भरलंय, साहेब."

परीक्षकाला ते 'हो' ऐकू आलं. मला माहीत होतं त्याला तसंच ऐकू येणार. यातला एक शब्दही खोटा नाही, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. आज हे खोडावंसं वाटतं, तरी लिहितो. अभिमान वाटला.

परीक्षक दीपालीला म्हणाला, सबबी सांगू नयेत, पुन्हा कर, वेळ आहे. वेळ नव्हता. पुढचा टायट्रेशनचा प्रयोग तिचा अर्धा राहिला. सॉल्टच्या उत्तरात तिने जे दिसलं ते लिहिलं, दोन्ही. पाण्यातही दिसतं हे पण लिहिलं. संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा मी बांधला. इंग्रजी मला येत नाही, पण बाटल्यांवरची अक्षरं वाचून फॉर्म्युले ओळखता येतात. तिच्या पानावर तांबड्या शाईची एक लांब रेघ होती. मी सुतळीची गाठ मारली.

तिला फार्मसीला जायचं होतं. या मार्कांनी ते हुकलं. निकाल लागल्यावर तिचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले, अर्धा दिवस खाडा करून. मोठ्या सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं, मुलगी हुशार आहे हो, पण निष्काळजी, नळी धुवायचा कंटाळा करते. चहा मी नेला. कप ठेवला, बाहेर आलो. थोड्या वेळाने ती दोघं जिना उतरताना तिच्या वडिलांचा आवाज आला, "घरात रोज ढीगभर भांडी घासतेस ना? एक नळी धुवायला काय हात झडले होते तुझे?" ती पुढे उतरत राहिली. मी वरच्या पायरीवर ट्रे घेऊन उभा होतो. खरं न सांगण्याची ही माझी दुसरी वेळ होती.

पुढल्या वर्षी शाल-नारळ मिळाला. मोठे सर भाषणात म्हणाले, परब म्हणजे आमच्या विभागाचं नाक. लोक हसले, मीही हसलो. आता ती प्रयोगशाळा उरलेली नाही. टेबलं काढून तिथे कॉम्प्युटर लावलेत. मुलं दोन वर्षं क्लासला जातात, कॉलेजात नुसतं नाव असतं आणि प्रॅक्टिकलचे मार्क वास न घेता मिळतात असं ऐकतो. मी सावंतला नावं ठेवायचो. निदान त्याला चालावं तरी लागायचं.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली म्हणून परळच्या एका पॅथॉलॉजीत गेलो. काउंटरवर एक बाई रिपोर्ट पाकिटात घालून देत होती. माझा कागद बघून वर न बघताच म्हणाली, "उपाशीपोटी आलात ना, मामा?" मामा शब्दाने मी दचकलो. तिने मान वर केली. केस थोडे पांढरे, पण नजर तीच.

मी विचारलं, "ओळखलंस मला?"

"तुम्ही बाटल्या भरायचात," ती म्हणाली.

मागे रांग होती. पण आता नाही तर कधीच नाही हे मला कळलं. तिला शोधायला मी कधी गेलो नव्हतो. काळाचौकी माझ्या घरापासून किती लांब आहे? चालत पंधरा मिनिटं. मी खाली वाकून म्हटलं, "त्या दिवशी पाणी टाकीचं होतं, दीपाली."

"माहीत आहे मला. मीच तर सांगत होते." तिने लहान बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली, सरळ लागली का ते बघितलं. "मी तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, मामा तरी बोलतील."

मी तिला सरांचं सांगायला लागलो. केबिनमध्ये चारचौघांत कसं बोलले, सातवी पास म्हणाले, सावंत कसा हसला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते तुमचं आणि सरांचं होतं, मामा. त्यात मी कुठे होते?"

  मी म्हटलं, माफी मागा म्हणालीस तर मागतो. ती म्हणाली, माफीचं काय करू. मग म्हणाली, "बाबा अजून बोलतात. घरात काही सांडलं, काही विसरलं, की म्हणतात, हिने परीक्षेत नळी धुतली नव्हती. हसून म्हणतात आता. पण म्हणतात."

मी म्हटलं, मी येऊन सांगतो त्यांना. ती नको म्हणाली. तोंडी सांगितलेलं ते कोणाचंच खरं मानत नाहीत, त्यांना छापलेलं लागतं. पेपर वाचतात, दिवाळी अंक वाचतात, तुमच्या मंडळाचाही घेतात दरवर्षी. मग तिने मागच्या माणसाचा कागद घ्यायला हात पुढे केला आणि मला आतल्या खोलीचं दार दाखवलं.

तर काळाचौकीच्या त्या गृहस्थांनी हे वाचावं. मी परब, त्या दिवशी त्या खोलीत हजर होतो आणि सगळा वेळ तुमच्या मुलीच्या हातांकडे बघत होतो. पाणी गच्चीच्या टाकीचं होतं. त्याने काय होणार हे मला माहीत होतं आणि ते मी भरलं होतं. विचारल्यावर मी सांगितलं नाही. तुमच्या मुलीने नळी धुतली होती. तीनदा धुतली होती.